डांबरगोळ्या, बाळाचे जुने कपडे आणि कावीळ : कुणाला अनुभव आहे का?

रानजाई (परभणी)
नमस्कार मंडळी. धागा घाईत काढतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगा झाला, वजन चांगलं, रडणं दणदणीत. घरी आल्यावर बाळ पिवळं दिसायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, होते थोडी कावीळ सगळ्याच बाळांना, कोवळ्या उन्हात धरा. पण पिवळेपणा पोटावरून पायांपर्यंत उतरला आणि बाळ दूध ओढेना, तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे पळालो. बिलिरुबिन (कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) भरपूर वाढलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं. आईचा-बाळाचा रक्तगट जुळतो, तो प्रश्नच नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, "बाळाचे कपडे कुठे ठेवले होते? त्यात डांबरगोळ्या होत्या का?"

होत्या. आमच्याकडं बाळाला सुरुवातीला नवे कपडे घालत नाहीत, कुणाचे तरी वापरलेलेच घालतात. माझ्या मुलाची झबली, टोपडी, कुंची, दुपटी आईनं लोखंडी पेटीत जपून ठेवली होती. त्याच पेटीत तिची पैठणी, आजोबांची हिमरू शाल आणि मूठभर डांबरगोळ्या. पेटी उघडली, कपडे झटकले, बाळाला घातले.

बाळ निळ्या दिव्याखाली आहे, आकडा खाली येतोय. जी६पीडी नावाची तपासणी पाठवलीय. मला विचारायचंय ते असं : गोळी तोंडात न घालता, नुसत्या कपड्यातल्या वासानं एवढं होऊ शकतं का? कपडे धुतले असते तर टळलं असतं का? आणि आईला कसं समजावू? ती म्हणते, "तुम्ही दोघी ह्याच वासात वाढलात."

जोंधळा (बीड)
ताई, बाळ लवकर बरं होवो. पण एक सांगतो, राग नका मानू. आमच्या घरी आज्यापासून डांबरगोळ्या हायेत. संदुकीत, न्हाणीत, पुस्तकांच्या कपाटात, कुठं म्हणून नाहीत! कुणाला कावीळ झाली नाही. आजकाल डॉक्टरांना कारण सापडलं नाही की घरातल्या वस्तूवर ढकलायलेत.

उनाडपाखरू (जालना)
जोंधळा बप्पा, तुमच्या तालुक्याच्या स्टँडवरल्या मुतारीत दोन मिनिटं उभं राहून दाखवा. डांबरगोळी बिचारी एकटीच लढायली तिथं.

शहागंज (छ. संभाजीनगर)
विषय काय, विनोद काय. रानजाई, काळजी घ्या. निळ्या दिव्यानं बहुतेक बाळांची कावीळ उतरते. आमच्या लेकीची उतरली होती. कारण मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पांढराकोट (नांदेड)
मी बालरोगतज्ज्ञ आहे. या बाळाबद्दल त्याच्या डॉक्टरांनीच बोलावं, मी सर्वसाधारण सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, नुसत्या वासानं होऊ शकतं. डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थालीन. ते घन असतं आणि पातळ न होता सरळ वाफ होऊन उडतं, म्हणून पेटीतली गोळी महिन्यागणिक लहान होत जाते. ती वाफ कापडात मुरते. त्यातून बाळाच्या नाकात जाते, आणि कातडीतूनही आत शिरते. आपल्याकडं बाळाला तेलानं मस्त चोळून, न्हाऊ घालून, मग कुंचीत गुंडाळतात. नॅप्थालीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट अंगातून ते आणखी सहज आत जातं.

हे आजचं खूळ नाही. १९६३ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशाच २१ नवजात बाळांची हकिगत छापली होती. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे, पांघरुणं, आणि त्यातून रक्त फुटून, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटून, कावीळ. बऱ्याच बाळांत जी६पीडी या एन्झाइमची कमतरता निघाली, पण सगळ्यांत नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा. नवजात बाळाचं यकृत अजून कच्चं असतं, नॅप्थालीनपासून तयार होणारी विषारी द्रव्यं त्याला नीट बाहेर टाकता येत नाहीत. म्हणून "आमच्या घरात ती कमतरता नाही" म्हणून बाळाला तो वास द्यावा, असं होत नाही.

नवजात कावीळ बहुतेक वेळा साधी असते. रक्तगट न जुळणं, दूध कमी पडणं, जंतुसंसर्ग अशी कारणं आधी बघायची असतात. डॉक्टरांनी कपड्यांचं विचारलं म्हणजे त्यांनी बाकीचं तपासून झाल्यावर विचारलं असणार. ढकलणं याला म्हणत नाहीत, जोंधळा.

जोंधळा
मानलं. पण मग आमचं रक्त का नाही फुटलं? आमचं काय वेगळं हाय का?

पांढराकोट
तुमचं एन्झाइम शाबूत आहे, एवढंच. थोडक्यात सांगतो.

लाल पेशीत केंद्रक नसतं. ती एकदा रक्तात आली की नवं एन्झाइम बनवू शकत नाही, आहे त्या पुंजीवर साधारण १२० दिवस काढते. यकृतात नॅप्थालीनचं अल्फा-नॅप्थॉल आणि नॅप्थोक्विनोन होतं. ही द्रव्यं पेशीतल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. त्याला तोंड द्यायला पेशीजवळ ग्लुटाथायोन असतं, आणि ते पुन्हा पुन्हा ताजं करायचं काम जी६पीडीच्या जोरावर चालतं. एन्झाइम पुरेसं असेल तर पेशी निभावून नेते. कमी असेल तर हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे पेशीच्या आतल्या बाजूला चिकटतात. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. प्लीहेतून जाताना ते गोळे ओरबाडून काढले जातात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा लचका तोडल्यासारखा दिसतो. अशी पेशी फार टिकत नाही. जुन्या पेशी आधी फुटतात, कारण त्यांच्यात एन्झाइम आधीच उतरलेलं असतं.

ज्यांच्यात कमतरता नाही त्यांनीही गोळ्या गिळल्या तर रक्त फुटू शकतं. फक्त त्याला जास्त लागतं. कमतरता असलेल्या लहान मुलाला एक गोळी पुरते.

टेस्टट्यूब (लातूर)
रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं नाक खुपसतो. बाजारात "डांबरगोळी" म्हणून जी पांढरी गोळी मिळते ती तीनपैकी काहीही असू शकते : नॅप्थालीन, पॅराडायक्लोरोबेंझीन किंवा कापूर. कोळशाच्या डांबरातून निघतं ते नॅप्थालीन. मुतारीत टाकायच्या रंगीत वड्या बऱ्याचदा पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात, नॅप्थालीनच्याही असतात. पुडीवर नाव असेल तर देव पावला. सुट्या विकतात त्यांचं काही सांगता येत नाही.

घरी ओळखायची युक्ती आहे. साध्या पाण्यात गोळी टाका. तरंगली तर कापूर. बुडाली तर अर्धा कप कोमट पाण्यात तीन मोठे चमचे मीठ नीट विरघळवून त्यात टाका. आता तरंगली तर नॅप्थालीन, तरीही तळाशीच बसली तर पॅराडायक्लोरोबेंझीन. पेला नंतर पाणी प्यायला वापरू नका. मूल आजारी असेल तर हे प्रयोग करत बसू नका, गोळी आणि पुडी दोन्ही पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

उनाडपाखरू
हा खरा लातूर पॅटर्न. आता याच्यावर पण क्लास निघतील.

टेस्टट्यूब
प्रवेश सुरू आहेत. मीठ ज्याचं त्यानं आणायचं.

अपर्णा_हिंगोली
हसू आलं, पण आमच्या घरात घडलंय म्हणून लिहिते.

माझा भाचा. पावणेदोन वर्षांचा. दिवाळीची साफसफाई, कपाटं उपसलेली, सगळी पोरं पायात. ह्यानं डांबरगोळी पेपरमिंट समजून तोंडात टाकली. ताईनं बोट घालून अर्धी काढली, अर्धी गेली. तोंडाला वास येत होता. सासूबाईंनी लगेच वाटीभर दूध पाजलं, वर तूप चाटवलं, "विष मारतं" म्हणून. पोरगं खेळायला लागलं. रात्रभर छान झोपलं. सगळ्यांना वाटलं सुटलो.

दुसऱ्या दिवशी थोडं चिडचिडं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईनं लंगोट बदलला तर लघवी कोऱ्या चहासारखी. डोळे पिवळे, ओठ पांढरे-निळसर. तालुक्याला नेलं तर बोटाला लावायचं यंत्र ८५ दाखवत होतं. ऑक्सिजन लावला तरी ८५. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्ताची नळी उजेडात धरून बघितली, रक्त लाल नाही, तपकिरी. त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, "ह्यानं काही गिळलंय का?" तोवर आम्ही गोळीचं सांगितलंच नव्हतं, कारण ते आमच्या लेखी संपलेलं होतं. १०८ नं मोठ्या दवाखान्यात. रक्त चढवलं, सलाइन, रोज हिमोग्लोबिन. आता पोरगं झाडावर चढतं.

रानजाई
बापरे अपर्णा. दोन दिवस काहीच नाही, हे भयंकर आहे.

पांढराकोट
अपर्णाताईंनी लिहिलेलं कुणीतरी छापून अंगणवाडीत लावावं. त्यात तीन गोष्टी दडल्यात.

एक, वेळ. यकृतात विष तयार व्हायला आणि पेशी फुटायला वेळ लागतो. लघवीचा रंग, कावीळ, फिकेपणा साधारण एक ते तीन दिवसांनी दिसतो आणि त्यानंतरही हिमोग्लोबिन खाली जात राहतं. म्हणून मूल खेळतंय म्हणून घरी ठेवायचं नाही.

दोन, दूध-तूप. नॅप्थालीन स्निग्ध पदार्थात विरघळतं. दूध, तूप, तेल दिलं की ते आतड्यातून जास्त शोषलं जातं. काहीही पाजू नका. उलटीही काढू नका, कारण गोळी कापराची निघाली तर काही मिनिटांपासून तासा-दीड तासात झटके येऊ शकतात, आणि उलटी करतानाच झटका आला तर ती फुफ्फुसात जाते.

तीन, ते ८५. हिमोग्लोबिनमधलं लोह बिघडून मेथहिमोग्लोबिन तयार होतं. ते ऑक्सिजन वाहत नाही आणि यंत्रालाही चकवतं, आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो. एरवी यावर मिथिलीन ब्लू हे औषध देतात. पण जी६पीडी कमी असलेल्या मुलात ते काम करत नाही, उलट रक्त आणखी फोडतं. त्यामुळे डॉक्टर घाईनं इंजेक्शन न देता विचारपूस करत बसले तर त्यांच्यावर ओरडू नका.

विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, २४ तास. फोन १८०० ११६ ११७, पैसे पडत नाहीत. गावातला डॉक्टरही तिथं विचारू शकतो.

मांजराकाठ (अंबाजोगाई)
डॉक्टर, एक वेगळंच विचारते. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीला सहाव्या महिन्यात डांबरगोळीच्या वासाचे डोहाळे लागले होते. रुमालात गोळी बांधून हुंगत बसायची. आम्ही चेष्टा करायचो की मुलगी झाली तर नाव नॅप्थाली ठेव. हे वाईट होतं का?

पांढराकोट
वाईट होतं. नॅप्थालीन वारेतून बाळापर्यंत जातं. माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, डांबरगोळी असे विचित्र डोहाळे बऱ्याचदा शरीरात लोह कमी असल्याची खूण असतात. डोहाळे पुरवायचे ते खाण्यापिण्याचे. असं काही हुंगावंसं, चाटावंसं वाटलं तर हिमोग्लोबिन तपासा आणि लोहाच्या गोळ्या चालू करा.

वाकळ (धाराशिव)
आमच्या रानातल्या घरी आई उंबऱ्याच्या दोन्ही बाजूला आणि कडब्याच्या गंजीभोवती डांबरगोळ्या टाकते, साप येऊ नये म्हणून. तेही बंद करायचं का? पोरं तिथंच खेळतात.

टेस्टट्यूब
बंद करा. प्रयोगांत साप नॅप्थालीनवरून खुशाल पलीकडे गेलेत. साप येतो उंदरासाठी. गंज घरापासून लांब रचा, उंबऱ्याजवळची बिळं बुजवा, रात्री बॅटरी घेऊन फिरा. गोळी सापाला अडवत नाही, पोराच्या हाताला मात्र लागते.

जोंधळा
आणि तुरीत टाकतात ते? आमच्या गल्लीत एक म्हातारी कणगीत डांबरगोळ्या टाकते.

टेस्टट्यूब
खायच्या धान्यात डांबरगोळी कधीच नको, तुरीची डाळ असो की ज्वारी. डाळीला एरंडेल चोळा, कडुनिंबाचा वाळका पाला घाला, कडक उन्हं द्या. आणि कृषी केंद्रातून आणतात त्या राखाडी गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या तर वेगळंच प्रकरण. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो माणूस मारतो आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत तसलं पोतं ठेवून अख्खं घर गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. डांबरगोळीशी त्यांची गल्लत करू नका, एका डब्यात तर मुळीच ठेवू नका.

हातमाग (पैठण)
मी साड्यांच्या धंद्यातला. रानजाईताईंच्या पेटीबद्दल बोलतो, कारण मूळ प्रश्न तिथून निघालाय आणि आपण सापापर्यंत पोचलो.

कपड्यातला पतंग जो आहे ना, त्याची अळी लोकर खाते, रेशीम खाते. म्हणजे हिमरूतला रेशमाचा भाग, पैठणी, लोकरीची शाल, घोंगडी. सुती झबल्याला ती तोंड लावत नाही. सुती कपड्याला लागते ती कसर, आणि तीही खळ दिली असेल किंवा दुधाचे, घामाचे डाग राहिले असतील तर. स्वच्छ धुऊन, खळ न देता, कडकडीत वाळवून ठेवलेल्या बाळाच्या कपड्यांना डांबरगोळीची गरजच नव्हती. आणि बाळाच्या कपड्यांना खळ कोण देतं?

पैठणीवरही आम्ही डांबरगोळी ठेवू देत नाही. जरीची तार काळपटते, असा आमचा अनुभव. मलमलीच्या जुन्या धोतरात गुंडाळा, घडी वर्षातून दोनदा मोडून नवी घाला, सावलीत वारा द्या. अळीला अंधार, ओल आणि शांतता लागते. तुम्ही दर सहा महिन्यांनी पेटी उपसलीत की तिचा संसार मोडतो. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या तर ठेवा, पण त्याही पोरांच्या हाती लागू देऊ नका.

मांजराकाठ
वा हातमाग! आईला हे वाचून दाखवते. तिनं माझ्या शालूला कुजका वास येईपर्यंत गोळ्या घातल्यात.

रानजाई
हातमाग, मनापासून आभार. आईला वासाचं पटलं नसतं, जरीची तार काळी पडते म्हटल्यावर लगेच पेटी उघडली.

आता एक गंमत, किंवा गंमत नाहीच. डॉक्टरांनी घरातल्या कुणाला औषधानं असं काही झालं होतं का, विचारलं. आई म्हणाली नाही. मग रात्री स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तिला आठवलं. आमचे मोठे मामा तरुणपणी धरणाच्या कामावर होते. हिवताप आला, सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. गोळ्या घेतल्यावर त्यांना लाल लघवी झाली, डोळे पिवळे पडले. सगळे म्हणाले, गोळ्या उष्ण पडल्या. आज्जीनं धने-जिऱ्याचं पाणी दिलं आणि विषय मिटला. याचा संबंध असू शकतो?

पांढराकोट
शंभर टक्के तुमच्या डॉक्टरांना सांगा. हिवतापाच्या गोळ्यांत प्रायमाक्विन असतं. या कमतरतेचा शोधच मुळात त्यातून लागला. काही लोकांचंच रक्त प्रायमाक्विननं का फुटतं, हे शोधताना अमेरिकेतल्या संशोधकांना १९५६ साली त्यांच्या लाल पेशींत जी६पीडी कमी सापडलं.

आता नातं बघा. या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. म्हणजे मामाला असेल तर ते आज्जीकडून आलेलं असतं, त्याच आज्जीकडून ते तुमच्या आईकडे येऊ शकतं, तिच्याकडून बहिणीकडे, बहिणीकडून बाळाकडे. मधल्या बायका ठणठणीत असू शकतात, कारण त्यांच्याजवळ दुसरा चांगला एक्स असतो. बापाकडून मुलाला हे येत नाही. त्यामुळे सासरच्यांनी दाजींच्या घराण्यात शोधायचं कारण नाही.

उदगीरकर
डॉक्टर, इथं एक नाजूक विचारू का? आमच्याकडं, सीमेकडल्या गावांत, मामा-भाचीची लग्नं अजून होतात. माझंच घर घ्या.

पांढराकोट
नाजूक नाही, योग्य प्रश्न आहे. मामाला कमतरता असेल आणि भाचीकडे तिच्या आईकडून ते जनुक आलेलं असेल, तर त्यांच्या मुलींनाही दोन्ही एक्स तसेच मिळू शकतात. म्हणजे एरवी मुख्यत्वे मुलग्यांत दिसणारी गोष्ट मुलींतही पूर्ण ताकदीनं दिसू शकते. तुमच्या घरात कुणाला औषधानं अशी लघवी झाली असेल तर लग्न झालेलं असो वा नसो, तपासून घ्या. साधी रक्ततपासणी आहे. आपल्याकडं प्रत्येक नवजात बाळाची ती होत नाही, मागून करावी लागते.

उदगीरकर
आभारी आहे. घरात बोलतो. बोलणं अवघड आहे, पण बोलतो.

शहागंज
जी६पीडी म्हटलं की वाल-पावटा बंद करतात ना? आमच्या साडूच्या मुलाला वरणात शेंगा पडल्या तरी त्याची आई ताट ओढून घेते.

पांढराकोट
बंद करायचा तो बाकला, इंग्रजीत ज्याला फाव्हा बीन म्हणतात तो. आपला वाल-पावटा वेगळ्या जातीचा आहे. पोराचं ताट परत द्या.

त्यापेक्षा मेंदीकडे लक्ष द्या. बारशाला हौसेनं बाळाच्या तळव्यांना मेंदी लावतात. मेंदीतला रंगाचा जो घटक आहे, लॉसोन, तो नॅप्थोक्विनोनच आहे, म्हणजे वर सांगितलेल्या विषाचा चुलतभाऊ. कमतरता असलेल्या बाळांचं रक्त मेंदीनंही फुटलंय. मोठ्यांच्या हाताला सहसा काही होत नाही, पण तान्ह्याला मेंदी नकोच.

रानजाई
अपडेट. बिलिरुबिन उतरलं, दिवा काढला, बाळ दूध पितंय. पण जी६पीडीचा रिपोर्ट नॉर्मल आलाय! आई म्हणते, "बघ, गोळ्यांचा काही संबंध नव्हता." मी पुन्हा गोंधळले.

जोंधळा
मी आधीच म्हणलो होतो :)

पांढराकोट
थांबा. रक्त फुटत असताना ही तपासणी फसवते. कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या आणि नव्यानं आलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. रिपोर्ट नॉर्मल दिसतो. रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशींचंच मोजमाप येतं. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायची. तोवर बाळाला कमतरता आहे असं धरूनच चाला. आणि मामा हयात असतील तर त्यांची तपासणी आजच करता येईल, त्यांच्या पेशी सध्या शांत आहेत. तीही नॉर्मल आली तरी, आधी लिहिलं तसं, नवजात बाळाचं रक्त कमतरता नसतानाही नॅप्थालीननं फुटू शकतं.

रानजाई
मामा आहेत, सेलूला असतात. धाकटा भाऊ उद्या त्यांना घेऊन येतोय. मामा म्हणाले, रक्त काय न्यायचं तेवढं न्या, पण जेवायला पुरणपोळी करा.

दुसरा प्रश्न राहिला होता, कपडे धुण्याचा. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या पेटीतले कपडे या बाळाला आता धुऊनही नकोत. मोठ्यांसाठी वापरायचे तर आधी बाहेर वाऱ्यावर, उन्हात टांगायचे, वास पूर्ण गेला की धुवायचे, पुन्हा वाळवायचे. धुतल्यावरही वास आला तर अजून नॅप्थालीन आहे असं समजायचं. बाळासाठी शेजारच्या काकूंच्या नातवाची झबली आणलीत. जुन्याची रीत पण राहिली. टाळायच्या औषधांची यादी, प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन वगैरे, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डात चिकटवलीय.

वाकळ
युरोपात नॅप्थालीनच्या गोळ्या विकायला २००८ पासून बंदी आहे असं ऐकलं, खरं का? आपल्याकडं किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारी सुट्या विकायला ठेवतात.

टेस्टट्यूब
खरं आहे. शिवाय कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएआरसीनं, २००२ साली नॅप्थालीनला "कर्करोगाची शक्यता असलेल्या" गटात टाकलं. बरणीशेजारी ठेवणाऱ्या दुकानदाराला मी दरवेळी सांगतो. तो दरवेळी "हो सर" म्हणतो.

जोंधळा
बरं, आता माझं ऐका. मला काही सगळं पटलेलं नाही, पण मंडळीनं हा धागा वाचला आणि घरातल्या सगळ्या डांबरगोळ्या गोळा करून किलोभराच्या डब्यात भरून माझ्या खाटेखाली ठेवल्या. म्हणली, "तुमच्या आज्याच्या हायेत, तुम्हीच सांभाळा." आता टाकू कुठं? चुलीत घालू का?

टेस्टट्यूब
चुलीत अजिबात नको. नॅप्थालीन भडकून जळतं, काळा धूर होतो, आणि तो तुमच्याच डोळ्या-छातीत जाईल. संडासात, ओढ्यात, विहिरीत नको, माशांना विष आहे. उकिरड्यावर उघडं टाकलं तर कोंबड्या आणि पोरं पोचतात. डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद करा, वर "विषारी, डांबरगोळ्या" लिहा, डबा आजच खाटेखालून काढून झोपायच्या खोलीबाहेर उंचावर ठेवा. घंटागाडी येत असेल तर ओल्या-सुक्यात न मिसळता घातक कचरा म्हणून वेगळा द्या. तुमच्या गावात येत नसेल तर बीडला जाताना सोबत घ्या आणि नगरपालिकेच्या गाडीवर द्या. एसटीनं जात असाल तर डबा मांडीवर ठेवू नका, पिशवीत बांधून पायाशी ठेवा.